आर मधलं सिम्युलेशन ११ तास चालतंय, कोअर वाढवू की सी प्लस प्लस शिकू?

द्राक्षवेल_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलंय म्हणून पहिल्यांदाच धागा काढतोय. मी नाशिकला असतो, दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांच्या एका गटासाठी हवामानाचे आकडे बघायचं काम करतो. १४ बागांमध्ये छोटी हवामान केंद्रं बसवलीत, दर तासाला तापमान, आर्द्रता, पाऊस, पान ओलं की कोरडं असं सगळं नोंदवलं जातं. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत धरलं तर साधारण १५० दिवस, म्हणजे एका हंगामाचे ३,६०० तास, आणि ६ हंगामांचा डेटा हातात आहे. १४ गुणिले ६ म्हणजे ८४ मालिका, सगळ्या मिळून तीन लाखांवर ओळी.

हिशोब डाऊनीचा, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा आहे. नियम साधा ठेवलाय, पान सलग किती तास ओलं राहिलं ते मोजत जायचं, त्या वेळचं तापमान बघायचं, मध्ये थोडाच वेळ कोरडं गेलं तर मोजणी चालू ठेवायची, जास्त गेलं तर शून्यावर आणायची. म्हणजे या तासाचा आकडा मागच्या तासाच्या आकड्यावर अवलंबून. सेन्सर थोडं खालीवर दाखवतात म्हणून तापमान आणि आर्द्रतेत थोडी रँडम चूक मिसळून हेच सगळं १,००० वेळा चालवतो, मग हंगामात धोक्याचे दिवस साधारण इतके ते इतके असं छातीठोक सांगता येतं.

हे सगळं आर या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय आणि चालायला ११ तास लागतात. रात्री लावून झोपायचं, सकाळी बघायचं, एक आकडा बदलला की परत एक रात्र. आणि इकडे शेतकऱ्याला आज संध्याकाळी हवं असतं की उद्या सकाळी फवारू का थांबू.

पॅरलल, म्हणजे काम एकाच वेळी अनेक कोअरवर वाटून बघितलं. लॅपटॉप विंडोजचा, ४ कोअर ८ थ्रेड, १६ जीबी रॅम. ८ वर्कर, म्हणजे शेजारीशेजारी चालणाऱ्या ८ वेगळ्या आर उघडल्या, तासाभरात स्क्रीन गोठली, माऊस पण हलेना, शेवटी बटण दाबून बंद केला. आता कोणी म्हणतं क्लाउडवर ३२ कोअरचं मशीन भाड्याने घे, कोणी म्हणतं आर सोड, कोणी म्हणतं सी प्लस प्लस शिक, जी मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षानंतर बघितलेली नाही. गटाचे पैसे आहेत, उगाच घालवायचे नाहीयेत. काय करू?

सातपूरकर

भाऊ आरचं डेटा डॉट टेबल पॅकेज वापर. सीएसव्ही वाचायला एफरीड घे, आपोआप एकापेक्षा जास्त थ्रेड वापरतं, आमच्याकडे दोन जीबीची फाईल काही सेकंदात उघडते.

द्राक्षवेल_नाशिक

@सातपूरकर दादा, फाईल मोठी नाहीच आहे, उघडायला दोन सेकंद पण लागत नाहीत. वेळ जातो तो लूपमध्ये, एकेक तास घेऊन तेच गणित परत परत करण्यात. निदान मला तरी तसं वाटतंय.

जुना_प्राध्यापक

"वाटतंय" इथेच थांबा. ३० वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं मुलांच्या संथ प्रोग्रॅमांपुढे बसण्यात गेली, आणि जिथे वाटतं तिथे वेळ जात असतो असं फार कमी वेळा बघितलंय. मशीन घेऊ नका, भाषा बदलू नका. आज एवढंच करा, १,००० ऐवजी १० फेऱ्या लावा, आर-प्रॉफ, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारी आरची सोय, चालू करून चालवा. आर चालवायला आर-स्टुडिओ वापरत असाल तर प्रॉफ-व्हिज पॅकेज टाका, ते रंगीत पट्ट्या काढून दाखवतं की कुठल्या ओळीवर किती मिलिसेकंद गेले. ते इथे लिहा.

तोवर आर संथ का ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सोपं जातं. आर ज्या भाषेवरून घेतली ती एस, बेल लॅब्जमध्ये १९७६ च्या सुमारास जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. तेव्हा त्यांच्याकडे फोरट्रानमधली उत्तम कंपाइल केलेली, म्हणजे आधीच मशीनच्या भाषेत उतरवलेली, गणिती सबरूटीन होती, आणि माणसाला ती सहज हाका मारता याव्यात म्हणून वरची भाषा बनवली. म्हणजे खाली कंपाइल्ड कोडने कष्ट करायचे आणि वरच्या भाषेने नुसतं सांगायचं ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी आर केली, तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली, तीही तशीच. तुम्ही सम म्हणालात की लाख आकड्यांची बेरीज सी मध्ये एका दमात होते. पण तीच बेरीज फॉर लूपने एकेक आकडा घेऊन केलीत की प्रत्येक आकड्यासाठी आर विचारते हा पूर्णांक आहे का, दशांश आहे का, अधिक म्हणजे कुठलं अधिक, उत्तर ठेवायला जागा कुठे. हे विचारणं महाग पडतं, बेरीज नाही.

२०११ मध्ये ल्यूक टियर्नी यांचा बाइट कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधी सोप्या सूचनांत बदलून ठेवणारा भाग, आर २.१३ मध्ये आला, आणि २०१७ च्या ३.४ पासून तो आपोआप चालू असतो, तुम्हाला काही सांगावं लागत नाही. त्यामुळे साधे लूप आता पूर्वीइतके वाईट नाहीत. "आर मध्ये लूप लिहूच नये" हे जुनं झालं. लूपच्या आत काय लिहिलंय त्याने फरक पडतो.

द्राक्षवेल_नाशिक

सर, केलं. १० फेऱ्यांना साडेसहा मिनिटं लागली, म्हणजे एका फेरीला ४० सेकंद. प्रॉफ-व्हिजमध्ये बघितलं तर डोळे उघडले. एका फेरीतले अडीच सेकंद तारीख-वेळ वाचण्यात जातायत, मी मजकुरातली तारीख बदलून घेण्याची ओळ चुकून फेरीच्या आत ठेवली होती, म्हणजे त्याच तीन लाख तारखा १,००० वेळा नव्याने वाचत होतो. पण खरा धक्का पुढे आहे, तीस-एक सेकंद एकाच ओळीवर. डेटा फ्रेमच्या, म्हणजे आरमधल्या तक्त्याच्या, आय-व्या ओळीत ओलं-तास या कॉलममध्ये मागच्या ओळीचा आकडा अधिक एक टाक, एवढीच ती ओळ. माझा नियम, तापमानाचं गणित, इफ-एल्स, हे सगळं मिळून बाकीच्यात.

जुना_प्राध्यापक

बघा. तुमचं गणित निर्दोष आहे आणि वेळ जातोय वहीची पानं उलटण्यात. डेटा फ्रेमच्या एका घरात आकडा टाकणं हे एक अख्खं फंक्शन आहे, तेही आर मध्येच लिहिलेलं. ते दर वेळी ओळ क्रमांक बरोबर आहे का, कॉलमचं नाव आहे का, लांबी जुळते का हे तपासतं, मध्ये प्रती काढतं. तुम्ही तीन लाख तासांसाठी, दर तासाला तीन-चार वेळा, ते बोलावताय.

आता असं करा. लूप सुरू व्हायच्या आधी तापमान, आर्द्रता, ओलावा हे कॉलम डेटा फ्रेममधून काढून साधे व्हेक्टर, म्हणजे नुसत्या आकड्यांच्या रांगा करा. उत्तराचा व्हेक्टर पूर्ण लांबीचा शून्यं भरून आधीच तयार ठेवा, लूपमध्ये जोडत जोडत वाढवू नका. लूप व्हेक्टरवर चालवा आणि शेवटी एकदाच डेटा फ्रेममध्ये चिकटवा. तारखा फेरीच्या बाहेर. सी प्लस प्लस नंतर बघू.

नाशिकरोड_बायोस्टॅट

सरांच्या मागे एक जोडते. लॅपटॉप का गोठला त्याचं पण कारण शोधा नाहीतर तेच परत होणार. वर्करचं फंक्शन शेवटी काय परत देतंय? आर मध्ये फंक्शनची शेवटची ओळ जी असेल तीच परत जाते. तुमच्या टेबलात १२ कॉलम असतील तर तीन लाख ओळी गुणिले १२ गुणिले ८ बाइट, म्हणजे साधारण २९ एमबी. १,००० फेऱ्यांचे २९ जीबी. १६ जीबीच्या लॅपटॉपवर.

द्राक्षवेल_नाशिक

ताई, अगदी तेच. शेवटची ओळ टेबलच होती. साध्या लूपमध्ये मी फक्त धोक्याचे दिवस एका व्हेक्टरमध्ये टाकत होतो म्हणून तिथे कळलंच नाही, पॅरललसाठी फंक्शन बनवताना टेबल तसंच राहिलं. आता फेरीमागे ८४ आकडे परत येतात, बस.

आणि सरांनी सांगितलेलं केलं. एका फेरीला ४० सेकंदांवरून सव्वा सेकंद. विश्वास बसेना म्हणून परत चालवलं. पूर्ण १,००० फेऱ्या २० मिनिटांत. अजून एकच कोअर वापरतोय, एक रुपया खर्च नाही. जेवून येईपर्यंत झालेलं होतं. सर, मनापासून आभार.

सातपूरकर

जबरदस्त. मग संपलंच की, आता पॅरलल लाव, २० ची अडीच मिनिटं होतील ८ मध्ये.

जुना_प्राध्यापक

अडीच होणार नाहीत. ८ थ्रेड म्हणजे ८ कोअर नव्हेत, कोअर ४ च आहेत, आणि असल्या आकडेमोडीत थ्रेडच्या जोडीतला दुसरा फार हातभार लावत नाही. डिटेक्ट-कोअर्स नुसतं विचारलं की ८ सांगतं, लॉजिकल फॉल्स करून विचारा म्हणजे ४ सांगेल.

दुसरं, जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब आहे. कामाचा ९० टक्के भाग वाटून देता येत असेल आणि १० टक्के येत नसेल, तर ८ कोअरने वेग पावणेपाच पटीच्या आतच राहतो, आणि कितीही कोअर लावलेत तरी १० पटीच्या पुढे जाणारच नाही, कारण तो १० टक्के तसाच राहतो. तुमच्याकडे बागेत हे रोज दिसतं. तोडणीला ५ ऐवजी २० माणसं लावली की काम चौपट लवकर होतं, पण घडात साखर भरायला जे दिवस लागतात ते माणसं वाढवून कमी होत नाहीत.

द्राक्षवेल, तुमच्या कामात दोन्ही आहे. एका मालिकेतले तास म्हणजे साखर भरणं, मागचा झाल्याशिवाय पुढचा होत नाही, ते वाटून देता येत नाही. ८४ मालिका आणि १,००० फेऱ्या म्हणजे तोडणी, एकमेकांशी संबंध नाही, खुशाल वाटा. आधी आतला लूप कंपाइल करा, मग बाहेरचा वाटा. उलटं केलंत तर संथ काम चार ठिकाणी चालेल एवढंच.

गोदाकाठ

मी आर-सी-पी-पी रोज वापरतो म्हणून द्राक्षवेल भाऊसाठी थोडं सविस्तर लिहितो. डर्क एडलब्युटेल आणि रोमँ फ्रान्स्वा यांचं हे पॅकेज, आर आणि सी प्लस प्लसमधली देवाणघेवाण इतकी सोपी करून ठेवलीय की तुला दुसऱ्या वर्षाचं जेवढं आठवतंय तेवढं पुरे. क्लास, पॉइंटर काही लागत नाही. विंडोजला आधी आर-टूल्स हा कंपायलरचा संच टाक, ते आरच्या आवृत्तीला जुळणारंच घे, आर ४.३ ला आर-टूल्स ४३ असं. नव्या मुलांचा अर्धा दिवस इथेच जातो, आवृत्ती चुकली की कंपायलर सापडत नाही म्हणून एरर येत राहते.

मग एक वेगळी फाईल कर, त्यात एकच फंक्शन, दोन न्यूमेरिक व्हेक्टर आत, एक बाहेर, मध्ये तुझाच फॉर लूप. फंक्शनच्या वरती एक्स्पोर्टची ती एक कॉमेंटची ओळ विसरू नको, तिच्यामुळेच आरला ते दिसतं. सोर्स-सीपीपी केलं की ती फाईल कंपाइल होऊन फंक्शन आरमध्ये येतं, झालं.

सांभाळायच्या जागा, माझ्या अंगावर आलेल्या. सी प्लस प्लसमध्ये मोजणी शून्यापासून. तुझ्या लूपमध्ये मागचा तास लागतो, म्हणजे लूप १ पासून सुरू कर, शून्यापासून केलास तर पहिल्याच वेळी उणे एकवं घर वाचशील, आणि तिथे मेमरीत जे काही पडलेलं असेल ते उत्तरात येईल, कधी बरोबर दिसेल, कधी आर-स्टुडिओ सगळंच्या सगळं बंद पडेल. दुसरं, आत आलेला व्हेक्टर ही प्रत नसते, आरचीच मूळ मेमरी असते. त्याच्यात आत काही बदललंस तर बाहेरचा तुझा डेटा बदलला, आणि आर तुला सांगणार पण नाही. म्हणून उत्तर नेहमी नवीन व्हेक्टरमध्ये, नाहीतर क्लोन करून घे. तिसरं, इंट या पूर्णांकाच्या प्रकारामध्ये २,१४७,४८३,६४७ च्या वर आकडा मावत नाही, तासांच्या मोजणीला चालेल पण बेरजा डबल या दशांशाच्या प्रकारात कर.

द्राक्षवेल_नाशिक

रविवार सगळा यातच घालवला आणि लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आर-टूल्स टाकलं, फाईल केली, फंक्शन ३५ ओळींचं झालं. पहिल्यांदा चाललं तेव्हा एका फेरीतला लूप जवळपास दिसेनासाच झाला, तीन लाख तासांना पाच-सहा मिलिसेकंद. पूर्ण फेरी ६० मिलिसेकंद, १,००० फेऱ्या मिनिटभरात. ११ तासांचं मिनिट.

पण आनंद दहा मिनिटंच टिकला. सवयीने जुना आरचा लूप आणि नवा लूप, चूक न मिसळता, शेजारीशेजारी ठेवून ८४ च्या ८४ मालिका जुळवल्या. ८१ तंतोतंत जुळल्या, ३ जुळल्या नाहीत, आणि तिन्हीत धोक्याचे तास नव्या कोडमध्ये कमी. तीन तास डोकं धरून बसलो. लूप बरोबर, शून्यापासूनची मोजणी बरोबर. मग त्या तीन मालिका छापून बघितल्या तर त्यात रिकामे तास आहेत, सेन्सर बंद पडलेला, आर्द्रतेच्या जागी एनए.

जुन्या कोडमध्ये मी रिकामा तास आला की मोजणी आहे तशी पुढे न्यायचो. नव्यात ती ओळ लिहायची राहिली. आर असती तर इफ मध्ये एनए आला म्हणून तिथल्या तिथे एरर देऊन थांबली असती. सी प्लस प्लसमध्ये तसं नाही, आर्द्रता ९० च्या वर आहे का असं एनए ला विचारलं की उत्तर "नाही" येतं आणि प्रोग्रॅम पुढे जातो. म्हणजे माझा बंद सेन्सर कोरडं पान म्हणून मोजला जात होता. विचार करा, रात्री दव पडतंय, सेन्सर बंद आहे आणि मी शेतकऱ्याला सांगतोय धोका नाही. अंगावर काटा आला.

ओळ घातली, ८४ जुळल्या. आता ही जुळणी कोडच्या सोबतच ठेवलीय, सी प्लस प्लसला हात लावला की आधी ती चालवायची.

गोदाकाठ

हे तू लिहिलंस हे फार बरं केलंस. जुना संथ कोड कधीच पुसू नये, तोच आपला साक्षीदार. जुळवताना तंतोतंत सारखेपणा बघणारं आयडेंटिकल वापरू नको, किरकोळ फरक सोडून देणारं ऑल-इक्वल वापर. दशांशांची बेरीज वेगळ्या क्रमाने केली तरी शेवटच्या घरात फरक पडतो, आणि आरचं स्वतःचं मीन, म्हणजे सरासरी, आत जास्त अचूकतेने दोनदा फिरून काढतं, त्यामुळे तुझ्या साध्या बेरजेशी सोळाव्या अंकात जुळणार नाही. ती चूक नव्हे.

नाशिकरोड_बायोस्टॅट

आता तुम्ही वर्कर लावणार म्हणून आधीच सांगते, रँडम आकडे सांभाळा. मी वैद्यकीय डेटावर बूटस्ट्रॅप करते, म्हणजे त्याच माणसांमधून दर फेरीला रँडम यादी काढून हिशोब करते. दोन वर्षांपूर्वी ४ वर्करवर १,००० फेऱ्या चालवल्या, उत्तर सारखंच यावं म्हणून प्रत्येक वर्करच्या सुरुवातीला सेट-सीड १२३, म्हणजे रँडम आकडे कुठून सुरू करायचे ते ठरवणारी ओळ, लिहिलं. निकाल छान आला, तक्ता बनवला, पाठवायच्या तयारीत होते. सहज हिस्टोग्राम काढला तर तो विचित्र, जिथे दाट तिथे फारच दाट. मग युनिक करून मोजलं, १,००० मध्ये वेगळे आकडे फक्त २५०. प्रत्येक आकडा बरोबर चार वेळा. चारही वर्कर एकच सीड घेऊन तेच रँडम आकडे काढत होते, माणसांच्या त्याच २५० याद्या चारदा. मी १,००० म्हणून लिहिणार होते आणि होत्या २५०. एरर नाही, वॉर्निंग नाही.

यासाठी आरमध्येच सोय आहे. पॅरलल पॅकेज २०११ च्या आर २.१४ पासून आरसोबतच येतं, त्यात क्लस्टर-सेट-आरएनजी-स्ट्रीम आहे, क्लस्टर, म्हणजे वर्करचा गट, उघडल्यावर एकदा द्यायचं. ते मॉन्ट्रियलच्या पिएर लेक्युये यांच्या रँडम आकड्यांच्या जनरेटरचे लांबलांबचे वेगळे तुकडे एकेका वर्करला देतं, एकमेकांवर चढत नाहीत, आणि तोच सीड, तेवढेच वर्कर, तशीच वाटणी ठेवली तर परत तेच उत्तर मिळतं. वर्करची संख्या बदलली तर मात्र उत्तर बदलेल, म्हणून संख्या पण लिहून ठेवा. हे नको असेल तर हेन्रिक बेंग्टसन यांचं फ्यूचर कुटुंब बघा, फ्यूचर-अप्लायमध्ये सीड ट्रू केलं की प्रत्येक फेरीला स्वतःचा प्रवाह मिळतो, मग वर्कर दोन असोत की आठ, उत्तर तेच. मी आता तेच वापरते.

अंबड_क्यूसी

विषयाला थोडा फाटा. आमच्याकडे अंबडला मशीनच्या कंपनांचा डेटा असतो, मोठे मॅट्रिक्स, त्यांचे गुणाकार आणि इनव्हर्स. तिथे लूपच नाहीये, सगळं आरच्या आतलंच, मग सी प्लस प्लसने काय होणार? शेवटी कळलं की आर मॅट्रिक्सचं काम ब्लास नावाच्या लायब्ररीला देते आणि आरसोबत येणारी साधी ब्लास एकाच कोअरवर सावकाश चालते. उबुंटूच्या मशीनवर ओपन-ब्लास टाकलं, कोडची एक ओळ बदलली नाही, ४,००० बाय ४,००० चा गुणाकार मिनिटभर घ्यायचा तो दोन-तीन सेकंदांवर आला.

पण मग एकाने वरून ८ वर्कर लावले आणि सगळं आधीपेक्षा संथ. प्रत्येक वर्करचं ओपन-ब्लास स्वतः ८ थ्रेड उघडत होतं, ८ गुणिले ८ म्हणजे ६४ थ्रेड ८ जागांसाठी भांडत होते, सुट्टीच्या दिवशी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये होतं तसं. वर्कर लावायचे तर ब्लासचे थ्रेड १ करा. दोन्ही एकदम नको.

द्राक्षवेल_नाशिक

@अंबड_क्यूसी दादा, माझ्याकडे मॅट्रिक्स नाहीत पण लक्षात ठेवतो.

ताईंनी सांगितलं नसतं तर मी पण सेट-सीड आतच लिहिलं असतं, तयारच होतं तसं.

पण वर्कर लावल्यावर वेगळंच अडलं. माझं सी प्लस प्लसचं फंक्शन क्लस्टर-एक्स्पोर्टने पाठवलं तर वर्कर म्हणतात नल व्हॅल्यू, सिम्बॉल अ‍ॅड्रेस, असलं काहीतरी. इकडे चालतं, तिकडे नाही.

गोदाकाठ

विंडोजवर वर्कर म्हणजे पूर्ण वेगळी कोरी आर असते. तू पाठवतोस ती फक्त फंक्शनची पाटी, कंपाइल केलेला कोड तुझ्या चालू आरच्या मेमरीत आहे, तो पत्ता दुसऱ्या आरला निरुपयोगी. लिनक्सवर एमसी-लॅप्लाय फोर्क करतं, म्हणजे चालू आरचीच जशीच्या तशी जुळी, डेटा न पाठवता सगळं तिथे असतं, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. विंडोजला फोर्क नाहीच, तिथे एमसी-लॅप्लायला एकापेक्षा जास्त कोअर सांगितले तर ते चालतच नाही.

दोन वाटा. एक, प्रत्येक वर्करमध्ये सोर्स-सीपीपी चालवायचं, म्हणजे चौघंही कंपाइल करत बसणार. दुसरी, छोटं पॅकेज बनव. आर-सी-पी-पी चं पॅकेज-स्केलेटन सांगाडा करून देतं, तुझी फाईल त्याच्या एसआरसी फोल्डरमध्ये टाक, एकदा इन्स्टॉल कर, वर्करमध्ये फक्त लायब्ररी म्हण. जुळणीची तपासणी पण त्याच पॅकेजमध्ये टाक.

आणि मोह झाला तरी आत्ता ओपन-एमपीच्या मागे लागू नको. सी प्लस प्लसच्या आत थ्रेड लावता येतात पण त्या थ्रेडमधून आरच्या कुठल्याही गोष्टीला हात लावायचा नाही, आर एका वेळी एकाच थ्रेडने वापरायची वस्तू आहे, रँडम आकडा मागितलास तरी पडेल, आणि कधी पडेल सांगता येत नाही. आर-सी-पी-पी-पॅरलल मध्ये त्यासाठी वेगळे सुरक्षित व्हेक्टर आहेत, पण तुझ्या मिनिटभराच्या कामाला ते नको.

जुना_प्राध्यापक

गोदाकाठ यांचं बरोबर. आणि वर्कर लावण्यापूर्वी परत एकदा प्रॉफ-व्हिज चालवा. आता वेळ कुठे जातोय?

द्राक्षवेल_नाशिक

सर, बघितलं. ६० पैकी ४० मिलिसेकंद आर-नॉर्ममध्ये, म्हणजे चूक मिसळायला लागणारे सहा लाख रँडम आकडे काढण्यात. बाकी बेरजा. ज्या लूपसाठी मी ३२ कोअरचं मशीन घेणार होतो तो पट्टीत शोधावा लागतोय.

पॅकेज केलं, ४ वर्कर, स्ट्रीम ताईंनी सांगितल्या तशा. क्लस्टर उघडायच्या वेळेसकट २० सेकंद. तेवढं पुरे, इथून पुढे मी वेगामागे जात नाही.

काल रात्री साडेआठला पिंपळगावहून एका काकांचा फोन आला, ढग आलेत, दुपारपासून झिमझिम चालू आहे, तुमच्या हिशोबात मोजणी शून्यावर आणायला चार तास कोरडे धरलेत, आमची बाग दाट आहे, पान लवकर वाळत नाही, सहा धरले तर काय होतं. आधी असतं तर म्हणालो असतो काका उद्या सकाळी सांगतो. काल फोन कानालाच होता, चारचा सहा केला, चहाचा घोट घेईपर्यंत आकडा समोर, त्यांच्या बागेचे धोक्याचे दिवस पाचाने वाढत होते. ते म्हणाले बरं, मग पहाटेच टाकी भरतो.

नाशिकरोड_बायोस्टॅट

वाचून खूप बरं वाटलं. त्या तीन मालिकांच्या रिकाम्या तासांचं पुढे काय केलंत? मोजणी आहे तशी पुढे नेणं हे पण एक गृहीतकच आहे.

द्राक्षवेल_नाशिक

हो ताई, तेच आता चाललंय. वेळ हातात आला म्हणून रिकामे तास एकदा सगळे ओले धरून आणि एकदा सगळे कोरडे धरून चालवलं, दोन बागांत फरक किरकोळ आहे, तिसरीत मोठा आहे. त्या बागेत शनिवारी जाऊन आलो, सेन्सरची बॅटरी पहाटे उतरते आणि सूर्य वर आला की परत चढते, म्हणजे नेमके दवाचेच तास गायब. बॅटरी बदलायला दिलीय. तोपर्यंत त्या बागेला जो आकडा सांगतो तो सगळे तास ओले धरूनच सांगतो.